भोंग्यावरचा खेळाडू

लुधियाना
१३ डिसेंबर १९९८

दादा,

आणि तो बोर्ड उतरव म्हणून मी दिवाळीतच कळवलं होतं. तू उतरवलास तर नाहीच, वर त्याला दोन्ही बाजूंनी ट्यूबलाइट लावलीस. कुणी सांगितलं म्हणून चौकशी करत फिरू नकोस, मीच सांगतो. सावळेराम कांद्याची गाडी घेऊन परवा इथल्या मंडईत आला होता. मी शिफ्ट संपवून मिलच्या गेटाबाहेर आलो तर हा समोर उभा, आणि मला बघून कमरेत वाकून मुजरा करतोय. "या या, भारताचे खेळाडू! आमाला जरा पायधूळ द्या!" गेटवरचे सरदार हसायला लागले. मला वाटलं, गडी लावूनच आलाय. मग त्यानं सांगितलं, आणे फाट्यावरच्या त्या बोर्डावर आता काय काय रंगवून ठेवलंय ते.

भारतीय बास्केटबॉल संघात निवड! कुणी केली निवड? तू आणि पेंटरनं मिळून? त्या पेंटरनं माझ्या हातात फुटबॉल दिलाय म्हणे, काळ्या-पांढऱ्या चट्ट्यांचा. माझं नाव चार बोटांचं आणि खाली 'शुभेच्छुक सयाजी' वीतभर.

मी भारताकडून खेळत नाही. तीनदा लिहिलं, चौथ्यांदा लिहितो. मी एका लोकरीच्या मिलकडून खेळतो. मिल पगार देते म्हणून आम्हाला धंदेवाईक म्हणायचं, एवढाच काय तो रुबाब. आठ मिल-कारखान्यांचे आठ संघ, हिवाळाभर प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. सकाळी कोर्टावर पळायचं, दुपारी गोडाउनमध्ये लोकरीच्या गाठी उचलायच्या, कारण मी काँट्रॅक्टवर आहे. पर्मनंट नाही. आम्ही असे पाच जण आहोत. पहिल्या चार संघांत आलो तर पाचही जणांना पर्मनंट करतो असं मालक म्हणालेत. नाही आलो तर काय ते म्हणाले नाहीत, आणि विचारायची कुणाची टाप नाही.

आतापर्यंत तीन सामने झाले. तिन्ही हरलो. हे वाक्य परत वाच.

आमचा सगळ्यात चांगला गडी दिवाळीआधी दुसऱ्यांनी पळवला. कॅप्टन बलकार पाजीचा गुडघा सुजलेला. आणि तुझ्या भावाची उंची, जिच्यावर तू पठारभर मिशा पिळत फिरतोस, ती इथं कुणाच्या खिजगणतीत नाही. गावात मला दारातनं वाकून यावं लागायचं. इथं माझ्याशी बोलताना लोक वाकतात. मला नावानं कुणी हाक मारत नाही. कांद्याचे भाव चढले तेव्हापासून मी 'प्याज' झालोय. "ओए प्याज, बॉल दे!"

दोन वर्षांपूर्वी मी याच सावळेरामच्या गाडीवर क्लीनर होऊन घरातनं निघालो. का निघालो ते तुला माहीत आहे. बैलगाडा शर्यतीच्या घाटात चार गावांसमोर तू माझ्या थोबाडीत मारलीस, कारण तुझा गाडा मागं पडला. तुझा गाडा कधी हरतच नाही ना! कधी घड्याळवाला चुकतो, कधी गाड्यापुढं पळणारी घोडी पळत नाही, कधी घाटात खडी जास्त असते. आणि काहीच सापडलं नाही तर घाटाच्या वरच्या टोकाला बैल धरायला उभा असलेला भाऊ निकामी असतो. इथं मंडईत गोणी फेकताना मिलच्या कोचनं मला बघितलं आणि ठेवून घेतलं, हे माझं नशीब. तुझ्या बोर्डाचा त्यात काही हात नाही.

बोर्ड उतरव. हे पत्र आईला जसंच्या तसं वाचून दाखव. आई, दादा मधेच खोकला तर समज की एक ओळ गाळली.

गोकुळ

*

लुधियाना
४ जानेवारी १९९९

दादा,

तुझं पत्र मिळालं. 'हरल्याच्या गोष्टी पत्रात लिहीत जाऊ नये, पोस्टमन वाचतो.' हे तू खरंच लिहिलंस! मी बलकार पाजीला त्याचा अर्थ सांगितला तर तो गुडघा धरून हसला. सहा सामने झाले, सहाही गेले, पण त्या दिवशी आमच्या खोलीत पहिल्यांदा कुणी हसलं. तेवढ्यापुरते तुझे आभार.

दुसरं वाक्य वाचून मात्र मला हसू आलं नाही. 'जिंकायला काय होतं? मन लावून खेळत नसशील.'

इथं ये. पहाटे कोर्टावर ये, धुक्यात समोरची रिंग दिसत नाही, बॉल दगडासारखा गार, बोटांची सालं निघालीत. मग बोल. आणि मी का कमी पडतो ते तुला सांगतो, कारण ते तुझ्या घाटातच शिकलोय. चार बैल घाट चढून निशाणाच्या पलीकडं येतात तेव्हा त्यांना थांबायचं माहीत नसतं. आपण वर उभे. अंगावर आले की बाजूला सरकायचं आणि शिंग म्हणा, वेसण म्हणा, जे हातात येईल ते धरायचं, सोडायचं नाही. चौदाव्या वर्षापासून तू मला तेच करायला लावलंस. आता इथं समोरून माणूस बॉल घेऊन अंगावर येतो आणि माझे हात आपोआप पुढं जातात. मी धरतो! कमरेला धरतो, बनियन धरतो, एकदा एकाचा कान धरला. शिट्टी. फाउल. पाच फाउल झाले की बाहेर बसायचं, असा नियम आहे. सहापैकी पाच सामन्यांत मी संपायच्या आधीच बाहेर बसलो. कोच ओरडतो, "ये आदमी है, बैल नहीं!" मी त्यांना काय सांगू?

आता तिसरी गोष्ट. तू पत्राच्या तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, लिहिलंस की वारूळवाडीच्या सोमाजींची सोनल माझ्यासाठी बघितली, त्यांना स्थळ पसंत आहे आणि सुपारी चैत्रात आपल्या यात्रेच्या दिवशी फोडायची. मला विचारलं नाहीस याचं मला आता काही वाटत नाही. तू मला कधी काय विचारलंस? पण तू त्यांना काय सांगितलंस ते मी तुझ्याच पत्रातून वाचलं. पर्मनंट. मिलचं क्वार्टर. येत्या वर्षी परदेश दौरा. उंची सहा फूट आठ इंच.

सहा फूट चार, दादा. उंचीसुद्धा तुला पुरली नाही?

फोटो पाठवलास, त्यात ती बाभळीला टेकून उभी आहे आणि फोटो काढणाऱ्यावर वैतागलेली दिसते. मी तो फोटो ट्रंकेत ठेवला होता, परत काढला. म्हणून तर राग जास्त येतो. पसंत नसती तर मी तुझ्या थापा तुझ्या गळ्यात सोडून दिल्या असत्या. ही मुलगी घरात येणार आणि पहिल्या महिन्यात विचारणार, क्वार्टर कुठंय? तेव्हा तोंड मी दाखवायचं. तू घाटात असशील.

सोमाजींना जाऊन खरं सांग. काँट्रॅक्टवर आहे, संघ हरतोय, पुढचं काही ठरलेलं नाही. एवढी तीन वाक्यं.

मागच्या महिन्यात पडवीला पत्रे टाकायला पाठवलेले पैसे मिळाले का, तेही लिही. त्याबद्दल तुझ्या पत्रात अक्षर नाही.

गोकुळ

*

पोस्टकार्ड
१९ जानेवारी १९९९

कालही हरलो. अठ्ठ्याहत्तर-एक्कावन्न. दहा दिवसांपूर्वीचाही हरलो होतो. एकूण आठ. मी चार पॉइंट केले, पाच फाउल केले.
पोस्टमन भिकाभाऊ, तुम्ही वाचताच असं दादा म्हणतो. तर मग आमच्या ओट्यावर बसून आईला मोठ्यानं वाचून दाखवा. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका.
गोकुळ

*

लुधियाना
११ फेब्रुवारी १९९९

सयाजी,

दादा लिहायला हात उठत नाही म्हणून नाव लिहिलं. आई, तुला वाईट वाटेल, पण आधी ऐकून घे.

सावळेराम काल आला. येताना आईनं दिलेल्या कुरडया आणि लसणाची चटणी घेऊन आला, आणि माघातल्या शर्यतीची गोष्टही. मी त्याला म्हणालो, एकही शब्द गाळू नको. त्यानं तुझा आवाज काढून सांगितलं. गडी नकला लई भारी करतो, तुला माहीत आहे. मंडईतले चार हमाल गोळा झाले.

"पावणं सोमाजी वारूळवाडीकर यांना फेटा बांदून पुढं बसवलं," सावळेराम म्हणाला, "आन् तुझा दादा माइक घेऊन उबा राहिला. पुकारणाऱ्याच्या हातातनं वढून घेतला, राव! म्हणतो कसा, ऐका हो ऐका, भारताचा खेळाडू, लुधियानाच्या मिलमदला पर्मनंट हापिसर, आमचा धाकला भाव गोकुळ, याचा संघ आजपातुर एकबी सामना हरल्याला न्हाई..."

"असं म्हणाला?"

"एकबी न्हाई! आन् त्याच्या वतीनं, म्हणतो, आजच्या घाटाच्या राजाला, पयल्या गाड्याला, एक कोरी सायकल!"

"सायकल?"

"घंटीसकट. टाळ्या पडल्या. सोमाजीनं फेटा सावरला. तुझा दादा रडला बी जरासा, भोंग्यावर ऐकू आलं."

मी विचारलं, सायकल आली कुठनं? सावळेरामनं गाडीची दोरी आवळली. मग म्हणाला, "तुमच्या पडवीला पत्रे न्हाईत अजून."

म्हणजे हे असं. मी इथं पाठीवर गाठी वाहतो, आई पावसाळ्यात ओल्या पडवीत चूल पेटवणार, आणि माझ्या नावानं कुणाचा तरी पोरगा बेल्ह्याच्या बाजारात सायकलवर फिरतोय. आणि आम्ही एकही सामना हरलेलो नाही! अकरा हरलोय, सयाजी. अकरा. काल आमच्यासारखाच मार खाणारा साखर कारखान्याचा संघसुद्धा आमच्याकडं बघून सुटकेचा श्वास सोडत होता.

तू हे का करतोस ते मला कळत नाही असं समजू नकोस. तुला वाटतं, आधी भोंग्यावर बोलून टाकावं, मग ते खरं होतंच. गाड्याच्या बाबतीतही तू तेच करायचास. आदल्या दिवशी चौकात सांगायचास, उद्या राजा आपलाच. आणि दुसऱ्या दिवशी नाही झाला तर दोष द्यायला माणसं शोधायचास. आता तुझ्या तोंडानं मी पर्मनंट झालोय, उद्या नाही झालो की तू काय शोधशील? रेफ्री विकला गेला म्हणशील. पंजाबी लोक आपल्याला पुढं येऊ देत नाहीत म्हणशील. आणि गाव मान डोलावेल.

तू सोमाजींना सांगणार नाहीस हे आता मला पक्कं कळलं. म्हणून मीच सांगतोय. नववीतनं शाळा सुटली, अक्षर वाकडं आहे, तरी त्यांना पत्र लिहिलंय. सगळं लिहिलंय, सायकलसकट. सावळेराम जाताना स्वतः हातात देणार आहे. ते नको म्हणाले तर म्हणू देत.

एक गोष्ट तुझ्या कानावर घालतो, ती मी त्यांनाही लिहिली. पहिल्या चारांत यायचं आता स्वप्नातही नाही. पण मालकाच्या धाकट्या पोराला या खेळाची आवड आहे. तो परवा कोर्टावर येऊन म्हणाला, एक तरी जिंका, शेवटच्या नंबरावर राहू नका, तर मी बापाशी बोलतो. शेवटचा सामना साखर कारखान्याशी आहे. त्यांनाही आम्हीच तेवढे जिंकण्यासारखे वाटतो. तो जिंकलो तर कदाचित तुझी एक थाप खरी होईल. ती तुझ्यासाठी खरी करायची माझी अजिबात इच्छा नाही. पण खेळणार मी जिंकायलाच.

गोकुळ

*

लुधियाना
७ मार्च १९९९

दादा,

हरलो. एका पॉइंटनं.

तू विचारणार नाहीस, तरी कसं ते सांगतो. आणि आईला हे वाचून दाखवताना खोकू नकोस.

दुसऱ्या हाफमध्ये माझे चार फाउल झाले होते. अजून एक, की बाहेर. कोच मला बाहेर बसवणार होता, पण बलकार पाजीनं थांबवलं. माझ्याजवळ आला, माझे दोन्ही हात धरून माझ्या पाठीमागं नेले आणि म्हणाला, "प्याज, बस खड़ा रह. पकड़ना मत." सामना संपायला थोडाच वेळ उरलेला, आम्ही एका पॉइंटनं मागं. त्यांचा सगळ्यात दांडगा गडी बॉल घेऊन सरळ माझ्यावर आला. दादा, घाटात येतात तसा आला. माझे हात शिवशिवले. पण मी हलेन तर शपथ. हात मागं बांधल्यासारखे ठेवून उभा राहिलो. तो छातीवर आदळला, मी पाठीवर पडलो, डोकं सिमेंटवर आपटलं, आणि शिट्टी वाजली. मी पडल्या पडल्या डोळे मिटले, म्हटलं गेलो. तर फाउल त्याचा होता! उभ्या माणसावर चालून गेला म्हणून त्याचा. अख्ख्या हिवाळ्यात पहिल्यांदा. मिलचे लोक शेडवर चढून ओरडत होते. बलकार पाजीनं मला बगलेत धरून उठवलं.

बॉल आम्हाला मिळाला. फिरवत फिरवत तो माझ्याकडं आला. मी रिंगच्या खाली, समोर कुणी नाही. असा बॉल मी रोज पहाटे शंभर वेळा टाकतो. टाकला. लोखंडावर आदळला, एक गिरकी घेतली आणि बाहेर पडला. संपलं.

आता ऐक. रिंग लहान नव्हती. बॉल ओला नव्हता. रेफ्रीनं तर उलट आमच्या बाजूनं दिलं होतं. डोक्याला लागलं होतं, पण हातांना काही झालं नव्हतं. मी टाकला आणि तो गेला नाही. जमलं नाही मला. मी कोर्टावर बसून राहिलो, बलकार पाजी आला, त्याला वाटलं रडतोय. मी रडत नव्हतो. मी हे वाक्य मनात म्हणून बघत होतो. जमलं नाही मला. आपल्या घरात हे वाक्य मी कधी ऐकलेलं नाही. बोलून बघितलं तर काही होत नाही, दादा. माणूस मरत नाही. संध्याकाळी भूक लागली, जेवलो.

चौदापैकी चौदा हरलो. मालकानं चौथ्या दिवशी संघ बंद केला. धाकटा पोरगा तोंड दाखवायला आला नाही. बलकार पाजी गावी शेती बघायला गेला. बाकी काँट्रॅक्टवाले निघाले. मला मुकादमानं विचारलं, गाठी उचलायला राहतोस का, बारा महिन्यांचं काम आहे, खेळाचा भत्ता नाही. मी हो म्हणालो. म्हणजे आता मी गोडाउनचा हमाल आहे. हापिसर नाही.

तर हे सगळं सावळेरामनं सोमाजींच्या कानावर घातलं. माझं पत्र त्यांनी आधीच वाचलेलं होतं. द्राक्षाच्या मांडवाखाली बसले होते म्हणे, बाजूला सोनल घमेल्यात काही निवडत होती. सावळेरामला वाटलं आता शिव्या मिळणार. सोमाजींनी मांडवाची एक तार ताणून बघितली. मग म्हणाले, "हमाली करतो म्हणला ना? करू दे. माझा बा पाठीवर पोती घिऊनच या गावात आला व्हता."

सावळेरामच्या जिवात जीव आला. म्हणाला, "मंग पक्कं समजायचं?"

"कशाचं पक्कं? त्या सयाजीनं माझ्या डोक्याला फेटा बांदला आन् माझ्याच म्होरं भोंग्यावर खोटं वरडला. चार गावं बसली व्हती. आता मी गुपचूप मोडलं, तर लोक म्हणणार पोरीत काय तरी आसंल. गुपचूप केलं, तर म्हणणार सोमाजीला येड्यात काडला. मला दोन्ही नको."

"मंग काय करायचं म्हणता?"

"जितं बोलला, तितंच परत घ्यायचं. यात्रंच्या दिवशी, घाटात, भोंग्यावर. आन् त्यानंच. दुसऱ्या कुणाचा आवाज मला चालनार न्हाई. तेवडं झालं की त्याच दिवशी, तितंच सुपारी फोडू."

सावळेराम उठला तेव्हा सोनल पहिल्यांदा बोलली. मान वर न करता. "उंची तरी खरी हाय का, तेवडं इचारून या."

सावळेरामला ती मी आधीच सांगितलेली होती, सहा फूट चार; त्यानं तिथंच सांगून टाकली. सावळेराम म्हणतो, ते ऐकून ती घमेलं घेऊन आत गेली, पण हसत गेली. तो पदरचं जोडून सांगतो, म्हणून मी निम्मं धरलंय.

आता सगळं तुझ्या जिभेवर आहे. यात्रा चैत्री पौर्णिमेला. मला नव्या कामावर सुट्टी नाही, नाहीतर मी येऊन तुझ्याशेजारी उभा राहिलो असतो. माइक मी धरला असता. बोलायचं तूच.

गोकुळ

*

लुधियाना
२० मार्च १९९९

दादा,

तुझं उत्तर आलं. सगळं पत्र मिळून दीड ओळ. 'भोंग्यावर हरलो म्हणायला माझी जीभ उचलणार नाही. दुसरी मुलगी बघू.'

दुसरी मुलगी! जशी काय ती बैलजोडी आहे, मागं पडली की चाकणच्या बाजारात नेऊन सोडली. मला दुसरी बघायची नाही. ऐकून ठेव, मी हे स्थळ हातचं जाऊ देणार नाही. तू बोलला नाहीस तर मी या जन्मात त्या घाटाची पायरी चढणार नाही, आणि तुझ्या दाराचीही नाही. आई इथं येऊन राहील. मी तिला विचारून घेतलंय, सावळेरामकडून.

त्याच निरोपात आईनं आणखी एक गोष्ट सांगून पाठवली. फाट्यावरनं ट्रक जातात, बोर्डावर धूळ बसते. तू रोज सकाळी दूध घालून येताना सायकल थांबवतोस, अंगातला सदरा काढतोस आणि माझं तोंड पुसतोस. तुझं नाव पुसत नाहीस, माझं तोंड. तो फुटबॉलही पुसतोस म्हणे. हे ऐकून मला राग आला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा तुझं काही ऐकून राग आला नाही, आणि त्याचाही मला राग आला. माझं तोंड असं पुसायचं होतं तर त्या दिवशी घाटात मारलंस कशाला? जाऊ दे. त्याचं उत्तर पत्रातनं देऊ नकोस, पोस्टमन वाचतो.

हरलो म्हणायला जीभ उचलत नाही म्हणतोस. मग मी तुझं काम सोपं करतो. हरलो म्हणू नकोस, हरला म्हण. हरला तो मी. तुला नुसतं पुकारायचंय, आणि पुकारायची तुला हौस आहे. घाटात पहिल्या गाड्याला बक्षीस देणारे शंभर जण असतात. कुणी फॅन देतं, कुणी ढाल देतं. शेवटच्या गाड्याला आजवर कुणी काही दिलं नाही. तो बिचारा बैल सोडून मागच्या वाटेनं निघून जातो, कुणाला तोंड दाखवत नाही. तू किती वेळा त्या वाटेनं गेलायस ते मला माहीत आहे, मी बैल धरून तुझ्या मागं चालत होतो.

या वेळी त्याला हाक मारायची. सगळे गाडे पळून झाले, सोमाजी समोर बसलेले असले, की माइक घ्यायचा आणि खाली लिहिलंय ते म्हणायचं. एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही. माझी भाषा तुला बावळट वाटली तरी चालेल.

'ऐका. माझा भाऊ गोकुळ भारताचा खेळाडू नाही. तो लुधियानाला लोकरीच्या मिलमध्ये हमाल आहे. त्याचा संघ या वर्षी चौदा सामने खेळला आणि चौदा हरला. माघात मी याच भोंग्यावर खोटं बोललो. तो पर्मनंट नव्हता, आताही नाही. त्याची उंची सहा फूट चार इंच आहे. आज जो गाडा सगळ्यात शेवटी आला, त्याच्या मालकानं पुढं यावं. त्याला गोकुळच्या वतीनं बक्षीस आहे.'

मालक पुढं यायला लाजेल. तू खाली उतरून त्याला हाताला धरून आण. फेटा बांध. नेहमी पहिल्याला बांधतात तसलाच, चांगला ताठ. आणि सावळेराम तिथं असणार आहे, तो मला नक्कल करून सगळं सांगणार आहे, तेव्हा सोमाजींचा चेहरा कसा होता ते मला कळेलच.

आणि शेवटचा गाडा तुझाच आला, तर लाजू नकोस. स्वतःचं नाव स्वतः पुकार, आईच्या हातून फेटा बांधून घे.

मनीऑर्डर तुझ्याच नावानं आज सकाळी केली. कुपनावर दुसरं काही लिहिलेलं नाही. सायकल नाही, घंटी नाही. शेवटच्या गाड्याला, रुपये एकशे एक.

गोकुळ